विश्लेषण : खोली चाकणला, कार्ड गावाला... स्थलांतरित कामगारांना नेमके काय मिळते?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील कारखाने परगावच्या कामगारांवर चालतात. पण रेशन, दवाखाना, शाळा आणि सरकारी योजनांसाठी त्यांना ‘इथले’ कोण ठरवते? पंधरा वर्षांची अट कुठे लागते, कुठे लागत नाही? गावचे रेशन कार्ड मोडावे की ठेवावे? याविषयी सविस्तर.

निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी. चाकण औद्योगिक पट्ट्यातील कोणत्याही गावातली पत्र्याची चाळ डोळ्यासमोर आणा. समजा, एका खोलीत लातूरचा कामगार बायको-मुलांसह राहतो आणि शेजारच्या खोलीत बिहारमधील गयेचा. दोघेही एकाच ठेकेदाराकडे, एकाच पाळीला, सारख्याच पगारावर. भाडेही तेवढेच. अटींत बसत असेल, तर लातूरच्या कामगाराच्या पत्नीला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. गयेच्या कामगाराच्या पत्नीला ते मिळत नाहीत. ईएसआयचा दवाखाना मात्र दोघांनाही सारखाच. रेशनचे धान्य दोघांनाही मिळू शकते, पण तेही दोघांच्या गावाकडच्या कार्डावर.

एकच चाळ, एकच काम, तरी हक्क वेगवेगळे. कारण ‘रहिवासी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक योजनेत वेगळा आहे. काही योजना विचारतात, ‘किती वर्षांपासून राहता?’ काही विचारतात, ‘काम कुठे करता?’ आणि मोजक्या योजना फक्त एवढेच विचारतात, ‘आज कुठे आहात?’ पहिला प्रश्न विचारणाऱ्या योजनेच्या दारातच स्थलांतरित कामगार अडतो. उरलेल्या दोन प्रकारांत त्याचा हक्क कागदावर पक्का आहे. अडचण असते ती तो हक्क बजावण्याची.

या पट्ट्यात स्थलांतरित आले कसे?

हे शहर बाहेरून आलेल्यांनीच वाढवले. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळरानावर कारखान्यांच्या रांगा लागल्या. १९८२ मध्ये महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १०.१२ लाख होती, ती २०११ मध्ये १७.२७ लाखांवर गेली. दहा वर्षांत सात लाखांची वाढ ही केवळ जन्मदराची असूच शकत नाही.

पहिल्या लाटेत सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा आणि खानदेशातून माणसे आली. २००९-१० च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा यांचे वाहन प्रकल्प सुरू झाले. त्यांना सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने आले आणि उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगालमधून येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्यांतील अनेकांनी उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या बांधल्या.

प्रशासनाचा नकाशा मात्र एकसंध नाही. इंद्रायणीच्या अलीकडे महापालिका. पलीकडे २०१५ मध्ये झालेली चाकण नगरपरिषद आणि भोवतीच्या ग्रामपंचायती. त्यांचे तहसील कार्यालय राजगुरुनगरला. पोलिसांसाठी हा सारा पट्टा २०१८ पासून एकाच पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो. रेशनसाठी मात्र शहराची यंत्रणा वेगळी आणि खेड तालुक्याची वेगळी. मोशीची खोली सोडून कुरुळीला गेलेल्या कामगाराने फक्त नदी ओलांडलेली असते, पण कागदोपत्री त्याची कार्यालये बदलतात.

राज्यघटना काय म्हणते?

घटनेच्या कलम १९ नुसार प्रत्येक भारतीयाला देशात कुठेही जाण्याचा आणि कुठेही स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणत्याही दाखल्याची पूर्वअट नाही.

‘डोमिसाईल’ या शब्दावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही स्पष्ट आहे. डॉ. प्रदीप जैन प्रकरणात १९८४ मध्ये न्यायालयाने म्हटले, की भारतात अधिवास एकच आणि तो म्हणजे भारताचा. राज्यांचा स्वतंत्र अधिवास असे काही नसते. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याच भूमिकेचा पुनरुच्चार केला आणि वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या संघटनेने सदस्यत्वासाठी राज्यात पाच वर्षे वास्तव्याची अट घातली होती. चारू खुराना प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली.

मग योजनांमध्ये निवासाची अट कशी चालते? कारण कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे, त्या यादीत ‘निवास’ नाही. राज्य सरकार आपल्या तिजोरीतून चालणाऱ्या योजनेसाठी निवासाची वाजवी अट घालू शकते. थोडक्यात, इथे राहण्याचा हक्क सर्वांना आहे. पण राहायला आलात म्हणजे इथली प्रत्येक योजना लागू झाली, असे नाही.

पंधरा वर्षांची अट कुठे लागते?

महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणपणे राज्यात १५ वर्षे वास्तव्याचा पुरावा लागतो. हीच मोजपट्टी पुढे अनेक योजनांना लावली जाते.

लाडकी बहीण योजनेत अधिवास प्रमाणपत्र नसेल, तर १५ वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, १५ वर्षांपूर्वीचे मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालतो. परराज्यात जन्मलेल्या महिलेने महाराष्ट्रातील रहिवाशाशी लग्न केले असेल, तर पतीची कागदपत्रे धरली जातात. म्हणजे गयेहून लग्न होऊन लातूरकराच्या घरी आलेली स्त्री पात्र ठरू शकते, पण गयेच्याच नवऱ्याबरोबर दहा वर्षे चाकणला राहणारी ठरत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही १५ वर्षे वास्तव्याची अट आहे.

जातीच्या दाखल्याची अट याहून कडक. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य पाहिले जाते. त्यामुळे परराज्यातील दलित कामगाराच्या मुलाचा जन्म आणि सारे शिक्षण भोसरीत झाले, तरी राज्याच्या आरक्षणाचा व शिष्यवृत्तीचा लाभ त्याला मिळत नाही.

ही अट मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्यांना आड येत नाही. त्यांच्याकडे गावचे जुने कागद असतात. पैसे थेट बँक खात्यात जमा होत असल्याने ते कुठे राहतात, यानेही फरक पडत नाही. परराज्यातील कामगारासाठी मात्र हे दार बहुतांशी बंदच आहे.

रेशनचे काय? ‘एक देश, एक रेशन कार्ड’ म्हणजे काय?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे मोफतच राहणार आहे.

पूर्वी हे धान्य ज्या दुकानाला कार्ड जोडलेले असे, तिथेच मिळायचे. गाव सोडले की धान्य सुटले. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेने ही गाठ सोडवली. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या प्रयोगात महाराष्ट्र-गुजरात ही एक जोडी होती. २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांची दखल सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. २९ जून २०२१ च्या निकालात सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत ही योजना लागू करावी, असा आदेश दिला. जून २०२२ मध्ये आसाम सहभागी झाले आणि योजना देशभर पोहोचली.

आता गयेचे कार्ड असलेला कामगार चाकणच्या स्वस्त धान्य दुकानात कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून, ई-पॉस यंत्रावर अंगठा देऊन धान्य घेऊ शकतो. इथला पत्ता लागत नाही. भाडेकरार लागत नाही. लातूरच्या कार्डालाही हेच लागू आहे. कुटुंबातील काही जण गावी असतील, तर कामगाराने आपल्या वाट्याचेच धान्य उचलावे. उरलेले गावी मिळते. सगळे इथेच उचलले, तर त्या महिन्यात गावच्या माणसांना दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागते. त्यामुळे यंत्रावर अंगठा देण्याआधी ‘किती किलो’ हे दुकानदाराला स्पष्ट सांगणे महत्त्वाचे.

मग अडते कुठे? पहिली अडचण साठ्याची. दुकानाला येणारे धान्य मुख्यतः त्याला जोडलेल्या कार्डांच्या हिशेबाने येते. बाहेरचे कार्डधारक वाढले की ‘माल संपला’ हे उत्तर मिळते. दुसरी अडचण आधार जोडणीची. कार्डावरील ज्या सदस्याचे आधार जोडलेले नाही किंवा ई-केवायसी झालेले नाही, त्याचे धान्य अडकते. यासाठी गावी जाण्याची गरज नाही. ई-केवायसी देशातील कोणत्याही स्वस्त धान्य दुकानात करता येते. तिसरी अडचण सर्वांत मोठी. ही सोय फक्त अन्नसुरक्षा कायद्यात बसणाऱ्या कार्डांना आहे. गावी ज्याचे नावच कार्डावर नाही, त्याला फिरत्या कार्डाचा काय उपयोग?

या तिसऱ्या गटाचा आकार मोठा आहे. ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झालेल्या, पण रेशन कार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी लोकांना कार्ड द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. तो पाळला जावा म्हणून न्यायालयाला त्यानंतरही राज्यांना वारंवार बजवावे लागले.

गावचे कार्ड मोडून इथे नवे काढावे का?

सायबर कॅफेत किंवा एजंटकडे सर्वाधिक चुकीचा सल्ला मिळतो तो इथेच. घाई करण्याआधी हिशेब पाहा.

राज्यात अन्नसुरक्षा कायदा लागू करताना प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरी भागात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपये ठरली. महिन्याचा हिशेब केला, तर शहरात सुमारे ४,९१६ रुपये आणि ग्रामीण भागात सुमारे ३,६६६ रुपये. म्हणजे इंद्रायणी ओलांडून ग्रामपंचायतीच्या हद्दीत गेलात, तर मर्यादा आणखी १५ हजारांनी खाली येते. कारखान्यात महिनाभर काम करणारा एकही कामगार यात बसत नाही. वार्षिक एक लाखावर उत्पन्न दाखवले, की पांढरे कार्ड मिळते आणि पांढऱ्या कार्डावर अन्नसुरक्षेचे धान्य नाही.

शिवाय एका व्यक्तीचे नाव दोन कार्डांवर राहू शकत नाही. नवे कार्ड काढायचे, तर जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. म्हणजे धान्याचे कार्ड सोडून बिनधान्याचे कार्ड घ्यायचे.

मग नव्या कार्डाचा काहीच फायदा नाही का? आहे, पण वेगळा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या, केशरीबरोबर पांढऱ्या कार्डधारकांनाही खुली आहे आणि तिचे संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे. इथे कायमचे राहायचे ठरवले असेल, तर आजचे कार्ड पंधरा वर्षांनी वास्तव्याचा पुरावाही होते. निर्णय कुटुंबाने आपला हिशेब मांडून घ्यावा. गावी धान्य मिळत असेल आणि इथला मुक्काम अनिश्चित असेल, तर जुने कार्ड ठेवणेच फायद्याचे.

पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात नव्या प्राधान्य कार्डांना जागा मिळत नाही, याला आणखी एक कारण आहे. केंद्राने महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा ठरवली आहे. ती २०११ च्या जनगणनेवर आधारलेली. त्यानंतर चाकण, मोशी, चिखली कुठल्या कुठे वाढले. कोट्याचा आकडा जागचा हललेला नाही.

कारखान्यातील हक्कांना पत्ता लागतो का?

नाही. या पट्ट्यातील कामगाराचे सर्वांत भक्कम हक्क हेच आहेत आणि ते नोकरीला जोडलेले आहेत.

महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआय लागू आहे. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के अंशदान जाते. त्यातून कुटुंबाचे उपचार, आजारपणात ७० टक्के वेतन आणि पात्र महिलांना २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. कुटुंब गावी असेल, तर त्याला तिथल्या ईएसआय दवाखान्यात उपचार घेता येतात. शहरात चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचे रुग्णालय आहे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांकही ठेकेदार बदलला, राज्य बदलले, तरी तोच राहतो.

‘ठेकेदाराने भरलेच नाही’ ही नेहमीची तक्रार. इथे कायदा कामगाराच्या बाजूने आहे. ईएसआय कायद्यात ठेकेदाराच्या कामगारांचेही अंशदान भरण्याची जबाबदारी आधी मूळ कंपनीवर टाकलेली होती. कंपनीने ते भरावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे. म्हणून पगाराच्या पावतीवर कपात दिसत असेल, तर ती प्रत्यक्ष जमा होते का, हे दर महिन्याला मोबाइलवर तपासावे.

बांधकाम मजुरांसाठी राज्याचे स्वतंत्र कल्याणकारी मंडळ आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून त्याचा निधी उभा राहतो. १८ ते ६० वयाच्या आणि मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या मजुराला नोंदणी करता येते. तो मूळचा कुठला, हा प्रश्न कायद्यात नाही. अडचण असते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. तो ठेकेदाराने द्यायचा असतो आणि ठेकेदार दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो.

नव्या कामगार संहितांमुळे काय बदलले?

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगारांपुरता होता. स्वतः रेल्वेत बसून आलेला त्यात येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही व्याख्या वाढवली. स्वतःहून येऊन नोकरीला लागलेला, महिना १८ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला परराज्यातील कामगारही आता ‘आंतरराज्य स्थलांतरित’ ठरतो. त्याला गावी जाऊन येण्यासाठी मालकाकडून प्रवासभत्ता, रेशन मूळ राज्यात घ्यायचे की कामाच्या राज्यात हे निवडण्याची मुभा आणि सरकारची मदतवाहिनी, अशा तरतुदी आहेत.

पण दुसऱ्या बाजूला उंबरठा वाढला. जुना कायदा पाच स्थलांतरित कामगार असले तरी लागू व्हायचा. आता किमान दहा हवेत. चाकणच्या गल्ल्यांतील सहा-सात कामगारांच्या शेडला ही तरतूद लागू होणार नाही. शिवाय ‘आंतरराज्य’ म्हणजे दोन राज्यांमधले. लातूर, नांदेड किंवा यवतमाळहून आलेला कामगार या व्याख्येत बसतच नाही.

दवाखाना, अंगणवाडी आणि शाळेत काय स्थिती?

‘आज कुठे आहात’ एवढेच विचारणाऱ्या सेवा त्या याच. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. चाकणचे ग्रामीण रुग्णालय त्यात येते. महापालिकेच्या संत तुकारामनगर येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात शहराबाहेरचेही रुग्ण येतात. दुसऱ्या राज्यात काढलेले आयुष्मान कार्ड इथल्या योजनेतील रुग्णालयात चालते.

गरोदर माता आणि सहा वर्षांपर्यंतची मुले जवळच्या अंगणवाडीत जाऊ शकतात. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद करण्याची सोय आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळेल, हे पाहण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट शब्दांत टाकले आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर हिंदी आणि उर्दू माध्यमाच्याही आहेत.

बाळाचा जन्म इथे झाला असेल, तर नोंदणी इथेच होते, आईवडिलांचा पत्ता कुठलाही असो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मतारीख व जन्मस्थानाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागणार आहे. गावी गेल्यावर करू, असे म्हणून ही नोंद टाळू नये.

भाडेकरार एवढा महत्त्वाचा का?

आधारवरचा पत्ता बदलणे, मतदार नोंदणी, शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांचा अर्ज, अशा अनेक कामांना इथल्या पत्त्याचा पुरावा लागतो. २५ टक्क्यांच्या प्रवेशासाठी तर भाडेकरार नोंदणीकृतच हवा. चाळीतील खोल्यांचा व्यवहार मात्र तोंडी असतो. भाडे रोख, पावती नाही, वीजबिल मालकाच्या नावावर. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली जाते. त्यासाठी तो इथला रहिवासी असतो. पण त्याच्या हाती तसा कागद नसतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ फारसे कोणाला माहीत नाही. त्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. करार नोंदवलेला नसेल, तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. उल्लंघनाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. नोंदणी ऑनलाइन होते. शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क.

तरीही मालक तयार होत नाहीत. एक तर करपात्र उत्पन्न दिसते. दुसरे, अनेक खोल्यांना बांधकाम परवानगीच नसते. तिसरे, ‘कागद केला की भाडेकरू खोली बळकावेल’ ही भीती. वस्तुतः मुदतीच्या नोंदणीकृत करारात मालकच अधिक सुरक्षित असतो.

कागद नसेलच, तर सरकार दुसरा मार्ग काढू शकते का? काढलेला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना रेशन कार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्रावर गॅस जोडणी दिली गेली. गॅससाठी चालणारी ही पद्धत इतर योजनांत का चालू नये, याचे पटणारे उत्तर कोणत्याही खात्याने दिलेले नाही.

मतदान कुठे करावे?

मतदार नोंदणीला १५ वर्षे लागत नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार मतदारसंघात ‘सामान्यपणे राहणारा’ सज्ञान नागरिक तिथे नाव नोंदवू शकतो. जुने नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. दोन ठिकाणी नाव ठेवणे बेकायदा आहे.

हा प्रश्न आता टाळता येणारा नाही. बिहारमध्ये २०२५ मध्ये झालेल्या मतदारयादीच्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे कमी झाली. त्यांपैकी सुमारे ३६ लाख नावे ‘कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले’ या कारणाने गेली, असे निवडणूक आयोगाने सांगितले. गावी नाव कापले गेले आणि इथे नोंदवलेच नाही, तर मत कुठेच उरत नाही. जो मतदार नाही, त्याच्या चाळीत पाणी येते की नाही, याची चौकशी करायला नगरसेवक किंवा सरपंच क्वचितच येतो.

कामगारांनी काय करावे?

१. गावच्या कार्डावरील प्रत्येक सदस्याचे आधार जोडलेले आहे का, ई-केवायसी झाले आहे का, हे जवळच्या स्वस्त धान्य दुकानात तपासा. दुकानदाराने नकार दिला, तर १४४४५ या मदतवाहिनीवर तक्रार करता येते.

२. इथे मिळणाऱ्या कार्डाचा रंग आणि त्यावरील धान्य समजून घेतल्याशिवाय गावचे कार्ड मोडू नका.

३. यूएएन आणि ईएसआय क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवा. ठेकेदार बदलला तरी नवा क्रमांक काढू देऊ नका, जुनाच द्या.

४. ईएसआय किंवा भविष्यनिर्वाह निधी नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या कामगारांनी ई-श्रमवर नोंदणी करावी. या कार्डावर लगेच पैसे मिळत नाहीत, पण सरकारी नोंदीत कामगार म्हणून नाव येते. मदतवाहिनी १४४३४.

५. घरमालकाकडे नोंदणीकृत करार मागा. तो होत नसेल, तर भाडे रोखीऐवजी बँकेतून किंवा यूपीआयने द्या. त्याची नोंद राहते.

६. मुलांचे जन्म दाखले, शाळेच्या पावत्या, लसीकरण कार्ड जपून ठेवा. उद्या ‘किती वर्षांपासून राहता’ या प्रश्नाला हेच कागद उत्तर देतील.

पुढे काय?

खरा बदल जनगणनेनंतर अपेक्षित आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे. रेशनचा कोटा, शाळा, आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या यांचे नियोजन आजही २०११ च्या आकड्यांवर होते. तेव्हा महाळुंगे आणि निघोजे ही बरीच लहान गावे होती. नव्या मोजणीत चाळीत राहणारा कामगार ‘तो गावचा आहे, तिकडे मोजतील’ म्हणून सुटला, तर पुढच्या दशकाचा कोटाही कमीच येईल आणि त्याचा फटका स्थानिकांनाही बसेल. कारण दुकानातील धान्य, दवाखान्यातील खाटा आणि शाळेतील बाके दोघांनाही त्याच हिशेबातून मिळतात. प्रगणक दारात येईल तेव्हा चाळमालकाने ‘इथे भाडेकरू राहतात’ एवढे सांगणे, हीच पहिली पायरी आहे.